गोळी लागूनही उभा राहिलेला एल्क

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सिनेमात बंदुकीचा बार झाला की समोरचं जनावर हवेत उडतं, कोलांटी खातं आणि आडवं होतं. तोच बार अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात, ऑक्टोबरच्या थंडीत, दोनशे मीटरवर उभ्या असलेल्या एल्क नरावर झाला आणि गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली, तर काय दिसतं? पुष्कळदा काहीच दिसत नाही. एल्क मान वर करतो, आवाज कुठून आला ते पाहतो, चार पावलं टाकतो. कळप हलला तर कळपाबरोबर चालू लागतो. नेम चुकला असं समजून नवखा शिकारी हळहळतो आणि बंदूक खाली घेतो. प्रत्यक्षात त्या जनावराच्या आयुष्याची जेमतेम अर्धा-पाऊण मिनिटं उरलेली असतात.

याच्या उलटही घडतं. बार होताच एल्क पाय कापल्यासारखा धाडकन खाली बसतो. शिकारी आनंदानं उठतो, सोबत्याच्या पाठीवर थाप मारतो, थर्मास उघडतो. तेवढ्यात पडलेला एल्क उठतो आणि झाडीत नाहीसा होतो. गोळी लागल्यावर दिसणारं दृश्य आणि जनावराची खरी अवस्था यांचा असा सरळ मेळ नसतो. तो का नसतो, आणि त्याची किंमत कोण मोजतं, हा आजचा विषय आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. एल्क म्हटलं की युरोपातला माणूस ज्याला अमेरिकेत मूस म्हणतात तो अवाढव्य, चपट्या शिंगांचा प्राणी डोळ्यांसमोर आणतो. एकोणिसाव्या शतकात सिलोनमध्ये राहणारे इंग्रज शिकारी तर चक्क सांबराला एल्क म्हणत. आपण बोलतो आहोत तो अमेरिकेतला एल्क. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी शॉनी लोकांच्या भाषेत त्याला वापिटी म्हणतात, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. आपल्या सांबरापेक्षा अंगानं थोराड, खांद्याशी दीड मीटर उंच. पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे उत्तर अमेरिकेत एल्क लाखाच्याही आत उरले होते. आज ते दहा लाखांच्या घरात आहेत. एकट्या कोलोरॅडो राज्यात अडीच लाखांहून अधिक आहेत, आणि दर वर्षी परवाना काढून त्यांची शिकार होते.

आता साधं गणित करू. अशा शिकारीत सर्रास वापरली जाणारी रायफलची गोळी साधारण बारा ग्रॅम वजनाची असते. दोनशे मीटर अंतर कापल्यावर तिचा वेग सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास राहतो. वेग प्रचंड आहे, पण वजन चमचाभर साखरेच्या दुपटीइतकंच. ही गोळी पूर्णपणे जनावराच्या अंगात अडकली, तरी सव्वातीनशे किलोच्या त्या देहाला ती ढकलून ढकलून किती ढकलेल? सेकंदाला तीन सेंटिमीटरहून कमी वेगानं. गोगलगायीपेक्षा जरा बरा, एवढाच तो धक्का. न्यूटननं सांगून ठेवलंय की गोळी जितकी पुढे ढकलते तितकीच रायफलही मागे ढकलते. गोळीच्या धक्क्यानं एल्क उडणार असता, तर चाप ओढणारा माणूसही उताणा पडायला हवा होता. त्याच्या खांद्याला नुसता हिसका बसतो.

आवाजाचीही एक गंमत आहे. गोळी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगानं जाते. दोनशे मीटरवरच्या एल्कपर्यंत ती पाव सेकंदात पोचते आणि बाराचा आवाज त्यानंतर. म्हणजे आधी जखम होते, मग आवाज ऐकू येतो. त्यामुळे दचकलेला एल्क गोळीमुळे दचकला की आवाजामुळे, हे लांबून सांगणं कठीण असतं. मुरलेले शिकारी म्हणून डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेवतात. बार झाल्यावर सेकंदाच्या आत गोळी लागल्याचा आवाज परत येतो. हाडावर बसली तर कडक, पोटात बसली तर ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा बद्द.

धक्क्यानं पडत नाही, तर मग एल्क पडतो कशानं? कारणं दोनच. एक तर मेंदू किंवा पाठीचा कणा तुटला, म्हणजे स्नायूंना हुकूम देणारी तारच तुटली. तेव्हा जनावर जागीच कोसळतं. नाहीतर रक्त वाहून जाऊन मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला. या दुसऱ्या प्रकाराला वेळ लागतो. हृदयाच्या चिंधड्या झाल्या तरी मेंदूत आणि स्नायूंत उरलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद सहज निघतात. एल्क जीव खाऊन धावला तर तेवढ्यात शंभर-सव्वाशे मीटर जातो. दाट झाडीच्या उतारावर शंभर मीटर म्हणजे दिसेनासा होण्याला पुरेसं अंतर. नॉर्डिक देशांतल्या शिकारींच्या हजारो नोंदी तपासून नॉर्वेच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिलं, की जनावर जितकं वजनदार, तितकं ते गोळी लागल्यावर कोसळण्याआधी जास्त अंतर जातं. मोठ्या देहातलं रक्त रितं व्हायला वेळ लागतो. एल्क दणकट असतो, चिवट असतो, असं शिकारी कौतुकानं म्हणतात, त्यातला बराचसा भाग हा असा साधा हिशेब आहे.

मराठीत आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, वर्म. घाव वर्मी बसला की नाही, एवढाच प्रश्न. एल्कचं वर्म म्हणजे पुढच्या फऱ्यामागची, परातीएवढी जागा. हृदय, फुप्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्या सगळं तिथे. हृदयाला लागली तर एल्क बहुधा एकदम उसळी घेतो आणि मान खाली घालून, वाटेत काय आहे ते न पाहता सुसाट पळतो. मग धावता धावताच कोसळतो. फुप्फुसांना लागली तर सुरुवातीला सांगितलं तसं, कधी पळतो, कधी नुसता उभा राहतो. थोड्या वेळानं पाय फाकतात, अंग डोलतं आणि तो बसकण मारतो. यकृताला लागलेली गोळी त्याला वाकवते. पाठीची कमान करून तो हळूहळू चालत जातो आणि आडोसा पाहून बसतो.

सगळ्यात वाईट जखम पोटातली. गोळी कोथळ्यात शिरते तेव्हा एल्क पाठ उंचावतो, कधी मागचे पाय झाडतो आणि मान घालून, पोटात मुरडा आल्यासारखा चालू लागतो. रक्त फारसं दिसत नाही. जनावर मरतं, पण कित्येक तासांनी. पायाला लागली तर मोडलेला पाय लोंबताना दिसतो, आणि तीन पायांवर एल्क डोंगर चढून पलीकडच्या खोऱ्यात जाऊ शकतो. त्यातले काही बरे होतात. काही हिवाळा काढत नाहीत.

आणि तो धाडकन पडून पुन्हा उठणारा? त्याचं उत्तर त्याच्या हाडांत आहे. एल्कच्या खांद्यावर जो उंचवटा दिसतो, तो पाठीच्या मणक्यांवरच्या लांब काट्यांचा असतो. एवढं जड शिंगांचं डोकं पेलायचं, तर मानेच्या स्नायूंना तेवढा आधार लागतोच. प्रत्यक्ष कणा त्या उंचवट्याच्या बराच खाली असतो. गोळी जरा उंच गेली तर नुसता काट्याला चाटून जाते. त्या हादऱ्यानं खालच्या मज्जारज्जूचं काम काही क्षण बंद पडतं आणि जनावर जागीच आडवं होतं. मिनिटाच्या आत हादरा ओसरतो. एल्क उठतो आणि पळतो, जखम घेऊन पण धडधाकट. म्हणून पडलेल्या एल्कवरची नजर आणि बंदूक लगेच हलवू नये, असं तिथे शिकवतात. पटकन पडला म्हणजे घाव मोठा, हा आपला समज इथे अगदी उलटा ठरतो.

मग फुप्फुसातून गोळी गेलेलं जनावर ओरडत का नाही, तडफडत का नाही? विळीवर भाजी चिरताना बोट कापलं, की आधी रक्त दिसतं आणि मग ठणका लागतो, हा अनुभव घरोघरचा आहे. मोठ्या जखमेत हे आणखी ठळकपणे घडतं. हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना विचारलं, वेदनाशामक हवंय का? चारांतल्या जवळजवळ तिघांनी नको म्हटलं. शुद्धीवर असलेली, हाडं मोडलेली, पोट फाटलेली ही माणसं होती. बीचर यांनी हे १९४६ साली प्रसिद्ध केलं आणि वेदनेबद्दलचा विचारच बदलला. जिवावर बेततं तेव्हा शरीर काही काळ वेदना मागे सारतं आणि सगळी ताकद पळायला देतं. यावरून एल्कला वेदना होतच नाही, असा सोयीस्कर अर्थ काही जण काढतात. तो मला पटत नाही. बीचर यांच्याच सैनिकांना पुढे इंजेक्शनची सुई टोचताना दुखत होतं. पहिली काही मिनिटं सुन्न असतात, एवढंच यातून कळतं. पोटात गोळी घेऊन रात्रभर बसलेल्या जनावराला ही सवलत मिळत नाही.

शिवाय एल्क लांडग्यांच्या सहवासात घडलेला प्राणी आहे. १९९५ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे परत आणून सोडले, तेव्हापासून त्यांची शिकार शास्त्रज्ञांना रोज पाहायला मिळते. लांडगे आधी कळपाला पळवतात आणि पाहतात, कोण मागे राहतं, कोण लंगडतं. दुखणं दाखवणाऱ्याचा नंबर पहिला लागणार. जखम लपवून कळपाबरोबर चालत राहणारा निदान आज वाचतो. अशा हजारो पिढ्यांनंतर जो एल्क आज डोंगरावर उभा आहे, त्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या पोटातलं कळणार कसं?

चेहऱ्यावरून कळत नाही म्हणून जमिनीवरून वाचावं लागतं. इथे आपले जुने माग काढणारे आदिवासी आणि रॉकीतले वाटाडे एकाच शाळेतले वाटतात. गोळी लागली तेव्हा जनावर नेमकं कुठे उभं होतं ती खूण आधी मनात पक्की करायची, हे पहिलं काम. शिकारी उठून चालू लागला की डोंगराचा सगळा देखावा बदलतो आणि ते झुडूप सापडत नाही. त्या जागी केस पडलेले असतात. काळपट, लांब केस मानेचे. फिकट पिवळसर पुठ्ठ्याचे. मग रक्त. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. गडद, काळसर असेल तर यकृत. हिरवट, चोथा मिसळलेलं आणि घाण वासाचं असेल तर कोथळा. रक्ताचा थेंबही नसेल, तरी नेम चुकला असं समजता येत नाही. गोळी उंचावरून शिरली असेल तर रक्त आधी बरगड्यांच्या पिंजऱ्यात साठतं आणि पन्नास-साठ पावलांनंतर बाहेर येऊ लागतं. म्हणून शहाणा शिकारी रक्त दिसो न दिसो, खुरांच्या ठशांमागे जातोच.

मात्र लगेच जात नाही. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यात जनावराचंच हित असतं. मागे कोणी लागलेलं नाही असं वाटलं तर जखमी एल्क जवळच बसतो, आणि बसला की बहुधा तिथेच संपतो. पाठलाग झाला तर तोच एल्क उठतो आणि मैलोगणती चालत राहतो. छातीची जखम असेल तर अर्धा-पाऊण तास थांबतात. पोटाची असेल तर चार-सहा तास, कधी रात्रभर. वायोमिंग आणि माँटानाच्या काही भागांत यात आणखी एक पेच असतो. तिथली ग्रिझली अस्वलं मेलेल्या एल्कच्या वासावर येतात. थांबावं तर अस्वल आधी पोचतं. न थांबावं तर जनावर हातचं जातं.

कायद्यानंही यात लक्ष घातलंय. कोलोरॅडोत १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. जखमी केलेल्या जनावराचा माग काढण्याचा रीतसर प्रयत्न करणं आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया न घालवणं, दोन्ही बंधनकारक आहे. स्वीडननं त्याहून पुढचं पाऊल टाकलंय. मूससारख्या मोठ्या जनावरांच्या शिकारीत रक्ताचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आणता आला पाहिजे, असा तिथला नियम आहे. माणसाला न दिसणारं रक्त कुत्र्याला वासावरून सापडतं, त्यामुळे हा नियम मला सगळ्यांत समंजस वाटतो.

गोळीच्या बाबतीत तर कायद्याचा एक विचित्र विरोधाभास आहे, आणि त्याचा धागा थेट भारतात येतो. कलकत्त्याजवळच्या डमडम इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ब्रिटिशांनी १८९०च्या दशकात मऊ टोकाची गोळी बनवली. शरीरात शिरली की तिचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि जखम मोठी होते. हा अमानुषपणा आहे, अशी ओरड झाली आणि १८९९ साली हेगच्या जाहीरनाम्यानं अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली. एल्कच्या शिकारीत कोलोरॅडोचा कायदा नेमकी पसरणारीच गोळी सक्तीची करतो! युद्धात शत्रूला जायबंदी केलं की काम भागतं. जनावराला जायबंदी करणं हाच तिथे गुन्हा, कारण न पसरणारी गोळी आरपार जाऊन बारीक भोक ठेवते आणि एल्क ती जखम घेऊन दिवसचे दिवस जगतो.

जनावराला नेमका किती त्रास होतो, हे मोजण्याचा एक गाजलेला प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. एल्कचा चुलतभाऊ म्हणावा असं तिथलं लाल हरीण कुत्र्यांच्या झुंडीनं पाठलाग करून मारायची जुनी प्रथा होती. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांनी १९९७ साली पाठलागानं दमवलेल्या हरणांचं रक्त आणि रायफलनं स्वच्छ मारलेल्या हरणांचं रक्त ताडून पाहिलं. पाठलाग झालेल्यांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण भलतंच चढलेलं होतं, स्नायूंतली साखर संपलेली होती, तांबड्या पेशी फुटलेल्या होत्या. अहवाल आल्याबरोबर नॅशनल ट्रस्ट या मोठ्या जमीनधारक संस्थेनं आपल्या जमिनीवर ही शिकार बंद केली, आणि २००४च्या कायद्यानं कुत्र्यांच्या झुंडीनं करायची शिकार इंग्लंडभर थांबली. चांगली बसलेली गोळी आणि तासन्‌तास चाललेली फरफट यांतला फरक पहिल्यांदाच रक्ताच्या नमुन्यात दिसला.

आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची त्यातली दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार संपली. पण जखमी करून सोडलेल्या जनावराची कथा आपल्याला परकी नाही. कुमाऊँमधली चंपावतची वाघीण आठवा. जिम कॉर्बेटनं १९०७ साली तिला मारलं, तेव्हा तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते, कुणाच्या तरी जुन्या गोळीनं. तो शिकारी आपली गोळी चुकली किंवा वाघीण कुठेतरी मरेल, असं म्हणून घरी गेला असणार. वाघिणीनं त्या गोळीचा हिशेब वसूल केला म्हणून तिची नोंद झाली. एल्क असा परत येत नाही. तो कुठल्या तरी दरीत बसून राहतो आणि कावळ्यांखेरीज कुणाला पत्ता लागत नाही. २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात शेताची नासाडी करणाऱ्या नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांतच जाहीर खडाजंगी झाली. भांडण होतं ते मारावं की मारू नये याचं. मारायचंच ठरलं तर कोणी, कोणत्या बंदुकीनं, आणि गोळी लागून पळालेल्या नीलगायीमागे कोण जाणार, हे प्रश्नही तेवढ्याच जोरानं विचारायला हवे होते.

रॉकीतल्या त्या एल्कमागे जाणाऱ्याला शेवटी तो सापडतो, पडलेल्या देवदारांच्या आड, पाय पोटाशी घेऊन. तेव्हाही घाई करायची नसते. शिंगांच्या बाजूनं नाही, पाठीमागून, चढाच्या अंगानं जायचं. डोळे मिटलेले असतील तर अजून धुगधुगी आहे असं समजायचं, कारण मेलेल्या एल्कचे डोळे उघडे राहतात. लांब काठीचं टोक हलकेच बुबुळाला लावून पाहायचं. पापणी हलली तर जवळून आणखी एक गोळी. नाही हलली तर परवान्याची चिठ्ठी जनावराला बांधायची, अंगरखा काढायचा आणि सुरी परजायची. शंभर किलोच्या आसपास मांस पाठीवरून गाडीपर्यंत न्यायचं असतं, आणि गाडी बहुधा डोंगराच्या पलीकडे असते.